सोळा मात्रांची जागा

ठेव. ती रीड आधी खाली ठेव. मित्राची असली म्हणून काय झालं? दुसऱ्याचा दात घासायचा ब्रश तोंडात घालशील का? मग ही वेताची पट्टी तरी का घालतोस? हसा, हसा. तुझ्या सॅक्सोफोनच्या बुचाचा गोंद सुकायला अजून अर्धा तास आहे. तोवर एक सांगतो. ऐकीव नाही. ज्याच्यावर हे गुदरलं, त्याचं वाद्य वीस वर्षं याच टेबलावर दुरुस्त व्हायचं.

आम्ही त्याला फुंक्या म्हणायचो. जॅझ वाजवायचा. आठवड्यातून दोन रात्री हॉटेलात, दिवसा संगीतशाळेत शिकवायचा आणि मधल्या वेळात स्वतःच्या चाली रचायचा. हाताला वळण होतं, फुप्फुसात दम होता. फक्त नाव नव्हतं. चाळिशी उलटली तरी ज्यांच्याकडे तो सॅक्सोफोन शिकला, त्या मास्तरांचा शिष्य म्हणूनच लोक त्याला ओळखायचे, आणि ते त्याला आतल्या आत खात होतं.

त्या दोघांची एक चाल होती. जॅझमध्ये पद्धतच आहे, एकाने सोळा मात्रा वाजवायच्या, मग दुसऱ्याने सोळा मात्रांत उत्तर द्यायचं. सवाल-जवाबच म्हणा. सवाल फुंक्याचे, जवाब मास्तरांचे. पाच सवाल, पाच जवाब. मी ऐकलीय ती चाल. अंगावर काटा यायचा.

मास्तर एप्रिलमध्ये गेले. आणि नोव्हेंबरात फुंक्याला त्याची पहिली स्वतःची रेकॉर्ड करायला मिळाली. मुख्य चाल हीच. कव्हर छापून तयार होतं. त्यावर नाव एकट्याचं.

अडचण एवढीच, की जवाब त्याला पाठ नव्हते. मास्तर दर वेळी वेगळे वाजवायचे.

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. नोव्हेंबरातला दुसरा गुरुवार. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला रेकॉर्डिंग, आणि हा रात्री पावणेदहाला मास्तरांच्या घरी, जवाब त्यांच्या वहीत लिहिलेले असतील म्हणून ती आणायला. दार काकूंनी उघडलं, मास्तरांच्या बायकोने.

"एवढ्या उशिरा का रे? जेवलास?"

"जेवलो, काकू. मास्तरांची वही हवी होती. आपल्या चालीची."

"खाली त्यांच्या खोलीत आहे. घे की." मग जिन्यात थांबून त्यांनी विचारलं, "रेकॉर्डवर त्यांचंही नाव घालशील ना?"

"म्हणजे काय, काकू? घालणारच."

त्याची जीभ जराही अडखळली नाही. हे त्यानेच मला सांगितलं, आणि सांगताना रडला.

काकू वर झोपायला गेल्या. खालची खोली तुम्ही बघायला हवी होती. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून चारही भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. खिडकी नाही. दोन खुर्च्या समोरासमोर. वही स्टँडवरच उघडी होती.

त्याने पान उलटलं. पहिला सवाल लिहिलेला. खाली जवाबाच्या जागी कोऱ्या ओळी, आणि पेन्सिलने दोनच शब्द. "इथे मी."

दुसरा सवाल. खाली कोरं. "इथे मी."

पाची ठिकाणी तेच.

घोडं तिथेच पेंड खाऊ लागलं. पण माणूस हट्टी. त्याने विचार केला, इथेच बसून वाजवतो, जवाब आपोआप सुचतील. पेटी उघडली तर त्याची रीड चिरलेली. बाकीच्या रीड घरी. घर तासभर लांब. आणि समोर कोनाड्यात मास्तरांची पत्र्याची डबी. एकच रीड होती तिच्यात.

आपल्या धंद्यात कोणी असं करत नाही. त्याने केलं.

आता मला सांगा, कोरडी रीड वाजवायच्या आधी काय करता? दोन मिनिटं जिभेवर धरून भिजवता. बरोबर. त्याने तोंडात घातली, लावली, आणि लगेच वाजवायला लागला. भिजवावी लागलीच नाही. मास्तरांना जाऊन सात महिने झाले होते. पण हे त्याच्या ध्यानात आलं फार उशिरा.

पहिला सवाल वाजवला. थांबला. जवाब सुचेना. सवयीने मनात मात्रा मोजत राहिला. एक, दोन, तीन, चार...

पाचवीला समोरच्या खुर्चीखाली टाच पडली.

मास्तरांच्या डाव्या बुटाला लोखंडी नाल होता. ताल त्या टाचेनेच धरायचे.

टक. टक. टक. टक.

सोळा झाल्या. आवाज थांबला. खुर्ची रिकामी.

उठावं की नाही? मी असतो तर वाद्य टाकून पळालो असतो. पण याला सकाळचे दहा दिसत होते. त्याने दुसरा सवाल वाजवला.

या वेळी टाच नाही वाजली. या वेळी त्याची छाती दाबली गेली. आपोआप. श्वास त्याचा... पण सोडत दुसरंच कोणी होतं. बोटं खाली गेली, वर आली. आणि त्याच्या हातातल्या वाद्यातून जवाब निघाला. मास्तरांचा.

काय सुंदर होता, म्हणाला. भीती वाटायच्या आधी हाव सुटली.

तिसरा सवाल. तिसरा जवाब. मध्ये श्वास घ्यायला फुरसत कमी.

चौथा. त्याला थांबायचं होतं. ओठ सुटेनात.

पाचवा सवाल त्याने वाजवलाच नाही. तरी जवाब आला. लांब... लांब... एकच सूर. आत काही उरलं नव्हतं, तरी सूर चालूच होता...

मग दिवा गेला.

सकाळी काकूंनी दार उघडलं. हा खुर्चीत ताठ बसलेला. ओठ निळे. काकू चहाचा कप ठेवत म्हणाल्या, "रात्री दोघांचं किती छान जमलं होतं रे."

बस्स. एवढंच म्हणाल्या आणि वर गेल्या.

तो तसाच स्टुडिओत गेला. पहिला सवाल वाजवला, उत्तम. जवाबाची जागा आली. फुंकतोय, गाल फुगलेत, मानेच्या शिरा तटतटल्यात... आवाज नाही. सोळा मात्रा नुसती हवा. सतराव्या मात्रेला पुन्हा खणखणीत सूर.

दुपारी वाद्य घेऊन माझ्याकडे आला. मी भोकांवरचा प्रत्येक पॅड तपासला, नळीत दिवा सोडून बघितला. कुठे म्हणून गळती नाही. वाद्य ठणठणीत. मीच वाजवून दाखवलं, माझी रीड लावून.

त्याने कव्हर फाडलं. मास्तरांचं नाव वर आणि आपलं खाली, असं नवीन छापून घेतलं, काकूंच्या पाया पडला. काही उपयोग झाला नाही. कुठलंही वाद्य द्या, कुठलीही चाल द्या. सोळा मात्रा वाजतात. पुढच्या सोळा नाहीत. स्टेज सुटलं, रचणं सुटलं. आता फक्त शिकवतो, तेही फळ्यावर. तुमच्यातल्या दोघांना त्यानेच शिकवलंय. सर वाजवून का दाखवत नाहीत, म्हणून विचारता ना मला नेहमी?

ती रीड त्याने इथेच टाकली. फेकायचं धाडस मला झालं नाही. ही बघा डबी. उन्हात ठेवून पाहिली, बल्बखाली ठेवून पाहिली. वेताची पट्टी, तासाभरात वाळायला हवी. भोवतीचा कागद मी आज दुपारी चार वाजता बदललाय.

तू उघड. घाबरतोस काय? लाव बोट.

...

बघ. कागदही भिजलाय.