लाल दोऱ्याचं पातेलं

पोरगा डोळ्यांदेखत बिघडत चालला होता. आणि बिघडावं तरी कशाने, तर पाण्यात शिजवलेल्या ओट्सने.

"ज्याच्या पाळण्याला दुधाचा वास, तो आता गिऱ्हाईक सोडून ब्रेडच्या पाकिटाची पाठ वाचत उभा राहतो," माई दुधाच्या कॅनवर झाकण आपटत म्हणाली. डेअरी तिच्या सासऱ्यांपासूनची. सगळा रस्ता तिला माई म्हणायचा आणि तिच्या वाटेला जायचा नाही. पोराला ती लाडात आली की 'राजे' म्हणे, चिडली तरी 'राजे'च. फरक आवाजात असायचा.

हे सगळं झालं वाफेमुळे.

त्या सकाळी बाहेर धुकं होतं. आत मोठ्या पातेल्यात दूध वर येत होतं आणि राजेंचा चष्मा पांढराफट्ट झाला होता. काउंटरवर कोणीतरी आलं.

"किती लिटर?" त्याने मान वर न करता विचारलं.

"दूध नकोय. अंडी द्या. आणि दुधाची पावडर नसलेला ब्रेड असेल तर तो."

"डेअरीत येऊन दूध नको?"

"त्यात काय... लोक चष्मा लावूनही न बघता बोलतातच की."

त्याने चष्मा काढला. समोर एक धूसर मुलगी हसत होती. शेजारच्या चष्म्याच्या दुकानात नजर तपासायला नुकतीच लागलेली. तिने त्याच्या हातातून चष्मा घेतला, खिशातल्या मऊ फडक्याने पुसला, काड्या हलकेच वाकवल्या आणि परत त्याच्या नाकावर ठेवला.

"घसरत होता. आता दिसतंय?"

"हो..." तो म्हणाला. "आता तर फारच दिसतंय."

आत माईच्या हातून, सासरी आल्यापासून पहिल्यांदाच, दूध उतू गेलं.

मग चष्मेवाली रोज यायला लागली. आपलं दुकान उघडायच्या आधी, केस अजून ओले, हातात किल्ल्यांचा जुडगा. माईने पहिल्याच आठवड्यात तिची उलटतपासणी घेतली.

"दुधाने काय होतं तुला?"

"पोट फुगतं, कळा येतात, धावाधाव होते. दुधातली साखर पचत नाही मला."

"दुधात कुठली आली साखर? मी घातल्याशिवाय?"

"असते हो माई. तुमच्या बोलण्यात असते तशी... शोधावी लागते."

माईला हसू आलं, पण ते तिने गिळून टाकलं. "आणि हाडं कशावर धरणार, हवेवर?"

"तिळावर, बदामावर, पालेभाजीवर. चमचाभर घट्ट दहीसुद्धा चालतं. दूध मात्र नाही, चहातलंही नाही."

पोरगी चटपटीत होती. उलट बोलायची, पण तोंडावर बोलायची. माईला असली माणसं आवडत. फक्त आवडतात हे ती कोणाला सांगत नसे.

आणि राजे? राजेंनी एक छोटं पातेलं बाजूला काढलं. दांड्याला लाल दोरा बांधला. म्हणाले, याला दूध शिवणार नाही. त्यात तो तिच्यासाठी ओट्स शिजवायचा, खजूर चिरायचा, वर भाजलेले तीळ भुरभुरायचा. सोबत उकडलेलं अंडं, कोरडा टोस्ट, केळं. ती काउंटरला टेकून उभ्याउभ्या खायची आणि तो पाहत राहायचा.

"रोज एवढं करतोस, कंटाळा नाही येत?"

"येतो ना. तू गेल्यावर येतो."

ती खाली वाटीत बघायची... आणि कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. माईला आतून सगळं दिसायचं. तिला काही चष्मा लागत नव्हता.

मग एक दिवस ती जरा गप्प होती. मालक दुसऱ्या गावात नवीन दुकान काढत होता. तिने ते सांभाळावं, असं म्हणत होता.

"मग? हो म्हणालीस?" राजेंनी हातातला ग्लास पुसायला घेतला.

"अजून नाही. थांब म्हणणारं कोणी आहे का, ते बघतेय."

"मी म्हणतोय ना — थांब."

"मला म्हणतोयस. घरी म्हण."

तो पुसलेलाच ग्लास पुन्हा पुसत राहिला.

घरी त्याने विषय काढला खरा. माई म्हणाली, "मी सासूच्या हातचं दूध पिऊन या घरात आले. येणारी माझ्या हातचं पिऊन येईल. आणि नसेलच पचत, तर तसं माझ्या तोंडावर सांग. मी काही वाघीण नाही."

तोंडावर सांगायची वेळ आली आणि पोरगा चप्पल शोधायला लागला. "अगं... आता पचतं तिला. थोडं थोडं घेते."

"खरं?"

"खरंच."

माई खूश झाली. इतकी खूश, की सुट्टीच्या सकाळी तिने पोरीला घरात जेवणाच्या टेबलाशी बोलावलं. स्वतः ओट्स शिजवले, दाट सायीच्या दुधात. मुद्दाम लाल दोऱ्याच्याच पातेल्यात, पोरीला आपलं वाटावं म्हणून. राजे तिथेच, शेगडीपाशी उभे. धार पडताना त्यांनी पाहिली. चष्मा पुन्हा पांढरा झाला होता. त्यांनी तो पुसला नाही.

पोरगी आली, टेबलाशी बसली. तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईकाने हाक मारली म्हणून माई बाहेर गेली. परतली तेव्हा वाटी चाटून पुसून लख्ख होती.

"काय चव आहे, माई."

"असणारच. माझ्या हातचं आहे." आणि माईने मनातल्या मनात कोपऱ्यातली खोली रंगवायला घेतली.

दुसऱ्या दिवशी चष्म्याचं दुकान दुपारीच बंद झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी पोरगी काउंटरवर उभी राहिली, चेहरा धुतलेल्या कपड्यासारखा.

"काय गं, दुकान का मिटलंस?"

"परवा दुपारपासूनच कळा येत होत्या, काल तर उभं राहवत नव्हतं. एका आजोबांना अक्षरं वाचायला लावली आणि तशीच मागे पळाले. ते बिचारे वाचत राहिले... ऐकायला कोणी नव्हतं." ती हसायला गेली, जमलं नाही. "वाटी पांढरी दिसली म्हणून मी त्याला विचारलं होतं, माई. म्हणाला, बदाम वाटून घातलेत. आईला सगळं माहीत आहे, तिनेच तुझ्यासाठी वेगळं केलंय."

माईचा हात मापात तसाच थांबला. "मला म्हणाला होता, तुला पचायला लागलंय."

त्या घटकेला पोरगा दोघींनाही एकदमच नीट दिसला.

"मी पाण्यात करून दिलं असतं तुला," माई म्हणाली.

"माहितेय. म्हणून तर जास्त वाईट वाटतं."

"पोट...?"

"पोट होईल बरं. त्याचं काही नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघून घास उचलला होता, माई. आता प्रत्येक घासाला कुठवर बघत बसू?"

तिने पातेलं मागितलं. माईने दिलं. दोऱ्याची गाठ घट्ट बसली होती. नखाने उकलायला तिला वेळ लागला. तेवढ्यात राजे आतून आले.

"थांब ना... मी सांगणारच होतो. तुम्हा दोघींचं बिनसू नये म्हणून—"

"आमचं कुठे बिनसलंय?" ती म्हणाली. दोरा तिने काउंटरवर ठेवला. मग हात पुढे केला, त्याच्या नाकावरून घसरलेला चष्मा बोटाने वर सरकवला. सवयीने. "मालकांना मी हो म्हटलंय. येते, माई."

माईने तिच्या हातात बदामाची पुडी कोंबली आणि तोंड फिरवलं. किल्ल्यांचा आवाज रस्त्यावर लांब गेला... मग तोही नाही.

राजे दोरा बोटाला गुंडाळत उभे होते. "आई," ते म्हणाले, "तू जाऊन बोललीस तर ती थांबेल. तुझं ऐकते ती."

माईने शेगडी बंद केली. वर आलेलं दूध खाली बसेपर्यंत ती थांबली. मग बोलली, सावकाश.

"आताही मीच जाऊ? 'आई, तिला दूध नको' एवढंच म्हणायचं होतं तुला. मी चार भांडी आपटली असती आणि पाचव्यात तिच्यासाठी पाणी उकळायला ठेवलं असतं. चष्मा ती तुला बसवून गेली, राजे. जीभ बसवून देणारं दुकान या रस्त्यावर नाही. मला ती सून हवी होती. तू घालवलीस, ते माझं मी सोसेन. पण मी तिची आई असते ना, तर दूध राहू दे, तुझ्या हातचं पाणीसुद्धा तिला पिऊ दिलं नसतं."