चौथ्या चौकोनात दाट

गवत कापायला आलेल्या माणसाने पाचव्या मिनिटाला यंत्र बंद करावं, असं त्या घरी कधी झालं नव्हतं. त्या गुरुवारी झालं. लॉनच्या मधोमध एक मुलगी पालथी पडली होती, आणि यंत्राचा एवढा धडधडाट ऐकूनही हलत नव्हती.

गवतवाला जवळ आला. खाकरला.

"जिवंत आहे," मुलगी मान वर न करता म्हणाली. "म्हणजे मी. बाकी इथे काही जिवंत दिसत नाही."

तिच्या हातात भिंग होतं. ती या घरातली धाकटी लेक. परगावच्या चष्म्याच्या दुकानातली नोकरी सोडून, इथल्या चष्म्याच्या दुकानात लागून, चार दिवसांपूर्वी घरी परतलेली. लोकांचे डोळे तपासायची सवय असल्याने तिला समोरचं सगळं जरा जास्तच दिसायचं.

"काय हरवलंय?"

"मधमाशी."

"एकच?"

"एक सापडली तरी चालेल... आईच्या वेलीला भोपळे किती लागले, माहितेय?"

"किती?"

"भोपळा."

गवतवाला हसला, आणि हसताना त्याचा डावा डोळा किंचित बारीक झाला. धाकटीने ते टिपलं. नंबर अर्धा असावा, असं तिने मनाशी ठरवलं. पण तेवढ्यासाठी आणखी थोडा वेळ पाहत राहायची गरज नव्हती, हेही खरं.

भोपळ्याचं दुःख घरभर पसरलं होतं. मधमाश्या येईनात, म्हणून धाकटीचे वडील रोज सकाळी चित्रकलेचा ब्रश घेऊन या फुलातले परागकण त्या फुलात नेत असत. आई मागे उभी राहून चुका काढत असे. वडिलांना सगळी आळी मोजणीसाहेब म्हणायची. पस्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या. निवृत्तीनंतर मोजायला एवढं एक लॉन उरलं होतं, आणि ते त्यांनी सुतासारखं सरळ ठेवलं होतं. ज्यांनी आयुष्यभर नाकावर माशी बसू दिली नाही, ते आता मधमाशीची वाट पाहत होते.

"बाबा, माश्यांनी यावं कशाला? लॉनमध्ये त्यांना खायला काय आहे?" जेवताना धाकटी म्हणाली. "मला लॉन द्या. रानफुलं पेरते."

मोजणीसाहेबांनी घास पूर्ण चावला. "एक हंगाम. चोवीस चौकोन आखून देतो. प्रत्येकात वाटीभर बी. हंगामाअखेर मोजणी करीन. एक जरी चौकोन बोडका निघाला, तर सगळं पुन्हा लॉन."

"आणि गवतवाला?" आईने विचारलं.

"फुलं वाढायची तर गवत कापून चालणार नाही," धाकटी झटक्यात म्हणाली. मग तिचा हात ताटावरच थांबला. दर गुरुवारी फाटकातून येणारा माणूस आता येणार नाही, हे तिच्या लक्षात यायला तेवढाच वेळ लागला.

शेवटची कापणी गुरुवारी झाली. गवत मुळाशी भिडवून कापायचं आणि दाताळ्याने ओरबाडून माती उघडी करायची, असं धाकटीने सांगितलं.

"खत घालू?" गवतवाल्याने विचारलं.

"नको. घातलेलं खत गवतच खाऊन माजेल. रानफुलांना हलाखीच मानवते."

"मग आमचं जमेल," तो म्हणाला. "पण तुम्ही माझ्या पोटावर पाय देताय, हे लक्षात आहे ना? माझा गुरुवार गेला."

"गुरुवारी दुसरं कोणी बोलावत नाही?"

"क्रीडांगणवाले मागतायत. मोजणी होईपर्यंत थांबा म्हटलंय त्यांना." तो यंत्राचं हँडल पुसत बसला. ते आधीच पुसलेलं होतं.

रविवारी पेरणी. मोजणीसाहेबांनी खुंट्या ठोकल्या, सुतळ्या ताणल्या, फाटकाकडच्या कुंपणापासून स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत ओळीओळीने चौकोनांना आकडे दिले आणि ते दुपारची झोप काढायला गेले. तिळाहून बारीक बी कोरड्या वाळूत कालवून धाकटीने बादली भरली. वाळू अशासाठी, की कुठे पेरलं आणि कुठे राहिलं ते दिसावं. पहिले तीन चौकोन तिने एखाद्या यंत्रासारखे पेरले. चौथा चौकोन फाटकाला लागून होता.

फाटकावर कोपरं टेकून गवतवाला उभा होता.

"सहज चाललो होतो," तो म्हणाला. तो गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा.

"सहज इतकं लांब?"

"सकाळी निघालो."

धाकटी हसली आणि मूठ उघडली. चौथ्या चौकोनात बी पडलं.

"ही कुठली फुलं येणार?"

"निळी येतील... पिवळी. जांभळी थोडी उशिरा." मूठ. "तुम्हाला कुठली आवडतात?"

"मी आजवर गवतच पाहिलंय. फूल दिसलं की कापायचं, हाच धंदा." तो थांबला. "आता वाटतं, जरा थांबून बघायला हवं होतं."

मूठ. आणखी एक मूठ. बोलण्याला धरबंध नव्हता, आणि हातालाही. शेवटी बारीक पाऊस भुरभुरू लागला तेव्हा धाकटी भानावर आली आणि भराभर पुढचे चौकोन पेरत सुटली. बाविसावा पेरला आणि बादली रिकामी झाली.

तेवीस आणि चोवीस कोरडे राहिले होते. खिडकीत मोजणीसाहेबांची चाहूल लागली. धाकटीने आयुष्यात कोणाला चुकीचा नंबर दिला नव्हता, पण त्या क्षणी तिने पोत्यातली नुसती वाळू ओंजळीत घेतली आणि दोन्ही चौकोनांवर मोठ्या आत्मविश्वासाने फेकली.

"छान. एकसारखं," खिडकीतून आवाज आला.

फाटकावरच्या माणसाने सगळं पाहिलं आणि तोंडात गुळणी धरली.

"आत या," धाकटी त्याला म्हणाली. "बी दाबायचंय. सपाट बूट आहेत ना?"

पेरलेल्या मातीवर दोघं शेजारी शेजारी, पावलाला पाऊल लावून चालले. पाऊस भुरभुरत होता. चोवीस चौकोन तुडवायला अर्धा तास पुरला असता. त्यांना दोन लागले.

त्यानंतर गवतवाल्याला कारण उरलं नव्हतं. पण त्याचा पाना या घरी राहिला होता, म्हणून पुढच्या गुरुवारी तो आला. पाना नेताना तेलाचा डबा विसरला. तो न्यायला आला तेव्हा टोपी विसरली. असं करत करत त्याच्याजवळचं विसरण्यासारखं सगळं संपलं, आणि मग दोन गुरुवार कोणी आलं नाही.

या काळात लॉन मात्र भरून आलं. आधी कोंब, मग कळ्या, आणि एका सकाळी निळ्या फुलावर एक तपकिरी, केसाळ, कामात बुडालेली मधमाशी. आईने मोजणीसाहेबांना हाक मारली. ते ब्रश हातात घेऊनच धावले, आणि मग त्यांनी तो शांतपणे खिशात ठेवला. आठवड्यात वेलीला तीन भोपळे धरले.

धाकटी रोज संध्याकाळी तेवीस-चोवीसपाशी जाऊन उभी राहायची. तिथे गवताशिवाय काही नव्हतं. मोजणीत ते दोन चौकोन सापडले की फुलं जाणार, मधमाश्या जाणार, आईचे भोपळे जाणार आणि गवतवाला परत येणार. न सापडले तर माश्या राहणार आणि त्याचा गुरुवार क्रीडांगणाला. तिला दोन्ही हवं होतं. अर्ध्यावर समाधान मानायची तिला सवय नव्हती.

मोजणी गुरुवारी ठेवली. "यंत्र लागलंच तर असावं," म्हणून मोजणीसाहेबांनी गवतवाल्यालाही बोलावलं.

वही, पट्टी, चष्मा. पहिला चौकोन, पट्टीभर जागेत नऊ रोपं. दुसरा, आठ. तिसरा, नऊ. चौथ्यापाशी मोजणीसाहेब वाकले ते बराच वेळ वर आले नाहीत. तिथे फुलांची नुसती दाटी झाली होती. मधमाश्यांना बसायला रांग लावावी लागत होती.

"इथे बी तिप्पट पडलंय," ते म्हणाले. "इथेच का?"

ते पुढे गेले. तेविसाव्यापाशी थांबले, चोविसाव्यापाशी थांबले. मग त्यांनी चिमूटभर माती उचलून बोटांत चोळली.

"वाळू," ते म्हणाले. "नुसती."

"मीच टाकली," धाकटी म्हणाली. आवाज जराही हलला नाही. "बी चौथ्या चौकोनात संपलं. तिथे... हे फाटकापाशी उभे होते." मग ती गवतवाल्याकडे वळली. "सगळं तुमच्याशी बोलण्यात संपलं. आणि पुन्हा पेरायची वेळ आली, तरी तिथेच संपेल."

गवतवाल्याच्या हातातली टोपी दोनदा फिरली. "मी त्या दिवशी सहज चाललो नव्हतो," तो म्हणाला. "ते... दुसरं टोक आहे गावाचं."

"अहो," आई खिडकीतून म्हणाली, "त्या फुलांना हात लावाल तर ब्रश तुमच्याच हातात येईल, सांगून ठेवते."

मोजणीसाहेबांनी वहीत पाहिलं. पस्तीस वर्षं त्यांनी बांधावरून भांडणारे भाऊ पाहिले होते, आणि निकाल देताना चेहरा कसा ठेवायचा हे त्यांना ठाऊक होतं.

"ठरल्याप्रमाणे बोडका चौकोन म्हणजे लॉन," ते म्हणाले. "पण ज्याची चूक त्याला शिक्षा. बावीस चौकोन फुलांचे. तेवीस आणि चोवीस लॉनचे. लॉन म्हटलं की कापणी आली. दर गुरुवारी. क्रीडांगणवाल्यांना कळवून टाका."

ते वही मिटून आत गेले.

पुढच्या गुरुवारी गवतवाल्याने एवढं मोठं यंत्र आणलं, सतरंजीएवढे दोन चौकोन कापले आणि चार मिनिटांत मोकळा झाला. मग तो चौथ्या चौकोनापाशी धाकटीजवळ जाऊन बसला.

"साहेबांना विचारलं," तो म्हणाला, "हे गवत फार भरभर वाढतं, रोज कापायला लागलं तर चालेल का..."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, रोज कापायचं तर माणूस घरचाच हवा."

धाकटीने त्याच्याकडे नीट पाहिलं. डावा डोळा किंचित बारीक झाला होता.

"तुझा नंबर काढायला हवा," ती म्हणाली. "दुकानात ये उद्या. आणि आता हलू नकोस."

त्याच्या मनगटावर मधमाशी बसली होती. धाकटीने तिच्याशेजारी, अगदी अलगद, आपला हात ठेवला. माशी उडेपर्यंत दोघांपैकी कोणी हलायचं नाही, असा नियम तिने तिथल्या तिथे केला.

माशी केव्हाच उडाली होती. खिडकीतून मोजणीसाहेबांनाही ते दिसलं होतं, पण त्यांनी कुठे नोंद केली नाही.