ओट्यावरची रेघ

निरीतच्या हातातून मोजपट्टी सुटली आणि सर्रकन मागे येताना तिनं दारापुढच्या बांबूवर वाळत घातलेले निम्मे बोंबील खाली पाडले.

"आगं बाय माजे!" घरातून खणखणीत आवाज आला. "कोन हाय गं ती?"

"सरकारची मानसं हायेत, आये," ओट्यावर जाळं सांधत बसलेला तरुण हसू दाबत म्हणाला. "आधी बोंबील पाडलं, आता घर पाडतील."

निरीत लाजेनं लाल झाली. खाली बसून भराभर बोंबील गोळा करू लागली. तोही शेजारी येऊन वाकला.

"राहू द्या मॅडम, हाताला वास येईल."

"येऊ दे. पाडले मी, तर उचलणारही मीच."

त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ. मग मोजपट्टीचं टोक हातात घेऊन म्हणाला, "हे मी धरतो. नायतर आख्ख्या गल्लीचं जेवण जमिनीवर येईल."

त्याचं नाव जीवन. पहाटे खाडीत होडी घालायची, सकाळी बाजारात मासे पोचवायचे, दुपारी मोकळा. आणि निरीत पनवेलच्या जुन्या गावातली, योसेफसरांची मुलगी, नुकतीच आर्किटेक्ट झालेली. खाडीकाठच्या या बंदरपाड्याची सरकारच्या वस्ती सुधार योजनेत निवड झाली होती. ज्याला त्याला त्याच्याच जागेवर पक्कं घर, दारात नळ, बंद गटार, मासळी वाळवायला सिमेंटचा चौथरा. घरं मोजून नकाशा काढायचं काम निरीतकडे आलं होतं.

त्या दिवसानंतर पट्टीचं दुसरं टोक रोज जीवनच्याच हातात असायचं. थंडीचे दिवस होते. ओहोटीला खाडीवरून खारट, गार वारा यायचा आणि निरीतचे केस कपाळावर उडवायचा. तिचे दोन्ही हात गुंतलेले असायचे...

"केस बाजूला करू का?" त्यानं एकदा विचारलं.

"आकडा सांगा आधी!"

"आकडा विसरलो. केसांकडं बघत होतो ना..."

एकदा त्यानं घरची कोळंबी डब्यातून आणली. निरीत अवघडली. "आमच्यात कोळंबी चालत नाही. आम्ही ज्यू आहोत. मासा खवल्यांचाच लागतो."

त्यानं डबा बंद केला. दुसऱ्या दिवशी मात्र केळीच्या पानात गुंडाळलेला जिताडा घेऊन हजर. "मोजून घ्या मॅडम, खवलेच खवले!"

ती इतकी हसली की समोरच्या घरातले काशिरामबाबा काठी टेकत दाराशी आले. मॅडमची निरीत कधी झाली आणि तुमचं तू कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

मोजणी संपली आणि निरीतनं गल्लीत खडूची रेघ ओढली. गल्ली एवढी चिंचोळी, की रिक्षासुद्धा आत येत नसे. काशिरामबाबांना दवाखान्यात न्यायचं तर चार जणांनी खुर्चीवर बसवून हमरस्त्यापर्यंत उचलून न्यायचं. म्हणून गल्ली रुंद करायची होती. दोन्ही बाजूंच्या घरांनी दोन-दोन फूट सोडायचे आणि साऱ्या गल्लीनं होकार द्यायचा, तरच योजनेचं काम सुरू होणार होतं.

रेघ बरोबर जीवनच्या आईच्या, जनीमावशींच्या, ओट्याच्या पाठीमागून गेली. अख्खा ओटा गल्लीत.

जीवनच्या वडिलांनी खाडीतून दगड वाहून तो ओटा बांधला होता. ते गेल्यापासून जनीमावशी रोज संध्याकाळी त्याच्यावर एकट्याच बसायच्या. त्या दिवशी मात्र त्या ओट्यावर बसल्या नाहीत. आत जाऊन दार लावून घेतलं.

दुसऱ्या दुपारी जीवन आला, पण नजर खाली.

"निरीत... रेघ जरा पलीकडं सरकव ना."

"पलीकडे काशिरामबाबांची भिंत आहे. त्यांचे दोन फूट तिथंच संपतात."

"फूटभर तरी. ओटा अर्धा तरी राहील. माझ्यासाठी..."

हो म्हणणं किती सोपं होतं! खडू तिच्याच हातात होता.

"नाही जमणार, जीवन."

"माझ्यासाठी पण नाही?"

"तुझ्यासाठी तर नाहीच. आज तुझ्यासाठी सरकवली, तर उद्या तुलाच वाटेल, ही कुणासाठीही सरकवेल."

त्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि वळून निघून गेला.

मग तो आलाच नाही. निरीत गल्लीतून जायची तेव्हा ओटा रिकामा असायचा. रात्री जेवताना योसेफसर विचारायचे, "काम फार आहे का?" ती नुसती मान हलवायची. आपण बरोबर केलं हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी उशी ओली व्हायची ती व्हायचीच.

गल्लीची सभा देवळापुढच्या मांडवात भरली. एकेक घर उठून होकार देत होतं. जनीमावशींची पाळी आली. त्या पदर खोचून उभ्या राहिल्या.

"मी नाय म्हननार व्हते," त्या म्हणाल्या. "मीच पोराला हिच्याकडं धाडला. म्हटलं, बघ, रेघ सरकवते का. तो जात नव्हता, मी शपथ घातली." त्यांनी बोट निरीतकडे केलं. "हिनं सरकवली नाय. माज्या पोरावर हिचा जीव हाय, तो आमाला दिसतो, आमी काय आंधले नाय! तरी सरकवली नाय. बाबांची भिंत वाचवली. अशा पोरीच्या हातात घर द्यायला मना भ्या नाय. ओटा घ्या."

मांडवभर टाळ्या झाल्या आणि सगळ्यांच्या माना निरीतकडे वळल्या. कागद गोळा करायचं निमित्त करून ती मांडवाबाहेर पळाली.

खाडीला भरती लागली होती. चिखलात कलंडलेल्या होड्या एकेक करून सरळ होत होत्या. मागून पावलं वाजली.

"आयेनं सांगितलं ते... खरं का?" जीवननं विचारलं.

"कुठलं? ओट्याचं?"

"दुसरं."

निरीत पाण्याकडे बघत राहिली. "साऱ्या वस्तीसमोर सांगून झालंय. आता नाही कशी म्हणू?"

"मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"मग ऐक." ती वळली. "आहे. खूप आहे. आणि तू आला नाहीस, त्या दिवसांत तर जास्तच होता."

"मला तोंड दाखवायची लाज वाटत होती गं. तू बरोबर होतीस, आणि मी..." त्यानं नुसता हात पुढे केला. जाळ्याच्या दोऱ्यांनी चिरलेला, खरखरीत हात. निरीतनं तो दोन्ही हातांत धरला.

"शुक्रवारी संध्याकाळी घरी ये. पप्पांना भेट."

"काय म्हणतील ते?"

"आधी काहीच म्हणणार नाहीत. गप्प बसतील. त्यांना सोपं नाही जाणार, जीवन. आपल्यालाही नाही."

"आणि मी काय करू?"

"तू बसून राहा. उठून जाऊ नकोस."

"नाही जाणार," जीवन म्हणाला. "रात्र झाली तरी नाही."