दोन सावकाश, एक घाईची

आमचं काम सांगायला सोपं आहे. खडकात खोल बोअर घ्यायची, भेगांमध्ये पंपाने पाणी सोडायचं आणि वर जाड पत्र्यावर घण घालायचा. हादरा खडकातून जाताना भेगांतलं पाणी इकडून तिकडे सरकतं आणि त्याचा जोर खाऊन टाकतं. उरलासुरला हादरा बोअरच्या तळाचं यंत्र टिपतं आणि माझ्या पडद्यावर रेघ उमटते. ती किती मलूल आहे, त्यावरून आम्ही भेगांचा अंदाज बांधतो.

सासूबाई नणंदेकडे गेल्या होत्या, म्हणून त्या आठवड्यात माझ्या तान्ह्या ठकीला मी कामावर नेत होते. दुपारी सिमेंटच्या जमिनीवर दुपटं घालून तिला थोपटायचे. माझ्याच पद्धतीने, नाहीतर बाईसाहेब झोपत नाहीत: दोन सावकाश, एक घाईची.

एकदा मी यंत्र बंद करायला विसरले. थापा पडद्यावर उमटल्या.

"लेक आता पगार मागणार तुमची!" पंप सांभाळणारे काका डोकावून हसत म्हणाले.

मी हसले. ठकी झोपली, मी हात काढून घेतला. जरा वेळाने रेघेवर पुन्हा तीन थापा आल्या. दोन सावकाश, एक घाईची.

"प्रतिध्वनी असेल," मी म्हणाले. पण प्रतिध्वनी दमून येतो. या थापा माझ्या थापांपेक्षा ठसठशीत होत्या.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम यंत्र चालू ठेवलं. उत्तर लवकर आलं. पुढच्या दिवशी त्याहून लवकर. मी काकांना पंप बंद करायला लावला. एरवी पंप थांबला की दाबाखालचं पाणी बोअरमधून वर येतं.

"येत नाहीये, ताई."

"मग गेलं कुठे?"

"मला काय विचारता? पुस्तकं तुम्ही वाचलीत." या वेळी ते हसले नाहीत.

आमचं घर त्याच खडकावर आहे, उताराच्या अंगाला.

सासूबाई परतल्या आणि माझा जीव भांड्यात पडला. ठकी घरी राहिली. त्या दुपारी रेघ अगदी सरळ होती. बरं वाटायला हवं होतं. मी फोन लावला.

"आई, ठकी झोपली?"

"कधीच! हातसुद्धा लावावा लागला नाही. उगाच थोपटून थोपटून सवय लावलीस. फरशीवर ठेवली नि झोपली गुणाची."

मी पळतच घर गाठलं.

ठकी उघड्या फरशीवर पालथी झोपली होती. तिची पाठ जराशी उचलली जात होती, पुन्हा खाली येत होती.

"श्वास घेतेय गं ती," सासूबाई म्हणाल्या. "अशी काय पांढरी पडलीस?"

मी ठकीला झटकन उचललं. फरशीवर तळवा टेकवला. कोरडी होती. गार आणि अगदी स्वस्थ.

मला हुंदकाच आला. तिला छातीशी घट्ट धरून मी खोलीभर फिरू लागले. ती जागी झाली नाही. सवयीने थोपटायला हात उचलला.

तो पडायच्या आधीच, तिच्या पाठीतून थाप आली.

सावकाश.

सावकाश.

मग घाईची.