शून्य बिघाड

डिस्क घेताना तृप्तीने घाई केली असं तिचा शत्रूही म्हणू शकला नसता. सोलापूरच्या एका कॉलेजात ती संख्याशास्त्र शिकवायची आणि घरात साधा मिक्सर आणायचा तरी आधी तक्ता करायची. घरच्या कॉम्प्युटरला नऊ वर्षं झाली होती, सुरू होताना त्याची हार्ड डिस्क टकटक करायला लागली होती, तेव्हा तिने चांगले तीन आठवडे घेतले. अकरा डिस्क, त्या किती तापतात, किती वर्षं चालतात, दर हजारी किती बंद पडतात, सगळं मांडलं. शेवटच्या ओळीत एक नवीच डिस्क होती, तिच्यापुढे बिघाडाच्या रकान्यात शून्य होतं. छापताना चूक झाली असेल म्हणून तिने आणखी तीन ठिकाणी पाहिलं. तिथेही शून्यच.

संख्याशास्त्राच्या बाईने असलं शून्य पाहून खरं तर दचकायला हवं होतं. ती खूश झाली.

"हिला जागती डिस्क म्हणतात, मॅडम," महालिंग कोरे म्हणाला. नवी पेठेत त्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि एके काळी तो तृप्तीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा. "साधी डिस्क दिलं ते ठेवते आणि पडून राहते. चुंबकाचे कण हळूहळू विस्कटतात आणि एक दिवस फाईल उघडत नाही. ही बाई मात्र स्वतःच स्वतःला वाचत बसते. तुम्ही जे वापरता त्याच्या चार-चार प्रती ठेवते. जे वर्षभर कुणी उघडलं नाही, त्याचा गोषवारा करते आणि जागा मोकळी करून घेते."

"आणि नंतर ते उघडलं तर?"

"गोषवाऱ्यावरून परत उभं करते. फोटो असू दे, गाणं असू दे, ओळखूच येत नाही बगा. म्हणून तर शून्य बिघाड. ही कधी नाही म्हणतच नाही."

मग कोरेने एक बोट वर केलं. शिकवायची पाळी आता त्याची होती आणि ती त्याला आवडत होती. "फक्त एक करायचं, मॅडम. ज्याला धक्का लागता कामा नये असं काही असेल, ते एकदा उघडून त्याच्यावर 'मूळ' असा शिक्का मारायचा. मग त्याचा गोषवारा होत नाही. पहिल्या वर्षाच्या आत तेवढं करून टाका."

"करते," तृप्ती म्हणाली. सगळा मजकूर नव्या डिस्कवर उतरवून झाल्यावर जुनी डिस्क कुणाच्या हाती पडू नये म्हणून तिने कोरेला ती ड्रिल मशिनखाली ठेवायला लावली आणि आपल्यादेखत आरपार भोक पाडून घेतलं. जबाबदार माणूस असंच करतो, असं त्या वेळी तिला वाटलं होतं.

धक्का लागता कामा नये असं घरात एकच होतं: अण्णांची ध्वनिमुद्रणं. तृप्तीचे वडील, दिगंबर बोरामणीकर, रेडिओत ध्वनिमुद्रक होते. नोकरी संपेपर्यंत आणि नंतरही दर चैत्रात ते पहाटे शहराबाहेरच्या माळावर जाऊन बसायचे आणि भिरी चंडोलाचं गाणं टिपायचे. मूठभर, मातकट रंगाचा हा पक्षी दुसरीकडेही कुठे कुठे होता, पण या माळावरच्या भिरीचं गाणं वेगळं होतं. पिल्लू ते बापाकडून ऐकून शिकायचं. अण्णांनी अशी चारशे बारा मुद्रणं केली. फितींना बुरशी धरायला लागल्यावर ती सगळी कॉम्प्युटरवर घेतली, फिती टाकून दिल्या आणि फोल्डरला नाव दिलं, "मूळ. हात लावू नये".

ही त्यांची जुनी शिस्त. फीत वाजली की झिजते, म्हणून मूळ फीत कुणी वाजवायची नाही. तृप्तीने लहानपणी एकदा ती यंत्रावर चढवली होती, तेव्हा जन्मात पहिल्यांदा तिने अण्णांचा फटका खाल्ला होता. कॉम्प्युटरमधली फाईल ऐकून झिजत नाही हे अण्णांनाही कळत होतं, पण वळत नव्हतं. पुढे एका औषधाने त्यांच्या कानाच्या शिराच गेल्या. कानाला लावायच्या यंत्राचाही उपयोग होईना. समोरच्याचं बोलणं अक्षरांत दाखवणारा चष्मा ते लावू लागले, आणि मुद्रणं ऐकणारं घरात कुणीच उरलं नाही.

शिक्के मारायचे तर चारशे बारा फायली एकेक करून उघडायला हव्या होत्या. तृप्तीने ते काम दिवाळीच्या सुट्टीत ठरवलं, मग मे महिन्यात, मग पुन्हा दिवाळीत. अण्णांना आवडणार नाही, असं ती स्वतःला सांगायची. खरं कारण तिला माहीत होतं. तिला कंटाळा होता. पक्ष्याचं तेच ते गाणं चारशे वेळा कोण उघडत बसणार?

डिस्क घेतल्याला दोन वर्षं झाली तेव्हा चंडोल संवर्धन केंद्रातून डॉ. यामिनी पेंढारकरचा फोन आला. माळावर चार वर्षांत एकही नर दिसला नव्हता. फक्त चार-पाच माद्या होत्या, आणि माद्या गात नाहीत. दुसऱ्या जिल्ह्यात रस्त्याच्या कामात उघडी पडलेली तीन घरटी केंद्राने वाचवली होती, त्यातून नऊ पिल्लं निघाली होती. त्यांना गाणं शिकवायला बाप नव्हता. अण्णांची मुद्रणं मिळतील का?

तृप्तीने फोल्डर उघडलं. एकही फाईल अडली नाही. पाठवताना तिला स्वतःचा आणि डिस्कचा सारखाच अभिमान वाटला. पिल्लं ऐकत ऐकत वाढली आणि त्यातले पाच नर गायला लागले. यामिनीने त्यांचा व्हिडिओ पाठवला तो अण्णांनी आवाजाशिवायच वीस वेळा पाहिला.

मार्चमध्ये यामिनीचा पुन्हा फोन आला. मुद्रणांबरोबर तृप्तीने दिलेली अण्णांची वही घेऊन ती बसली होती. प्रत्येक मुद्रणात काय बिघडलं ते अण्णा तारखेसकट लिहून ठेवायचे.

"ताई, दोन हजार नऊच्या गुढीपाडव्याला अण्णांनी लिहिलंय, चौथ्या मिनिटाला मी शिंकलो. मला ती शिंक ऐकूच येत नाहीये. दुसऱ्या एकात ट्रक गेल्याची नोंद आहे, तोही नाही. तुम्ही आवाज साफ करून पाठवलेत का?"

"हो," तृप्ती म्हणाली. "साफ केले होते."

"मग मूळ पाठवाल? पक्षी सोडण्याआधी एकदा पडताळायचंय."

"शोधते," तृप्ती म्हणाली आणि फोन ठेवला. एका मिनिटात आपण धडधडीत खोटं बोललो, याची तिला इतकी लाज वाटली की ती बराच वेळ खुर्चीतून उठली नाही.

तिने पाडव्याचं मुद्रण लावलं. चौथ्या मिनिटाला पक्षी अखंड, गोड, निर्दोष गात होता. मग अण्णांना खोकला आल्याची नोंद असलेलं लावलं, मग बकऱ्या आल्याची नोंद असलेलं. खोकला नव्हता, बकऱ्या नव्हत्या. तिने कोरेला फोन केला.

"गोषवाऱ्यात महत्त्वाचं तेवढं राहतं, मॅडम," तो म्हणाला. "शिंक म्हणजे डिस्कच्या दृष्टीने कचरा."

"आणि पक्षी? पक्षी तरी खरा आहे ना?"

"चंडोल आहे, पहाट आहे, एवढं तिच्याकडे असतं. बारीकसारीक ती बाकीच्या चंडोलांवरून भरते. जगभरातले चंडोल माहीत असतात तिला."

"किती खरं आणि किती भरलेलं, हे कसं काढायचं?"

"ते तिलापण माहीत नसतं, मॅडम. तुम्ही शिक्के मारले नव्हते काय?"

चार दिवस तृप्तीने हे कुणालाच सांगितलं नाही. वर्गात ती नेहमीसारखं शिकवत होती, पण फळ्यावर शून्य काढलं की तिचा हात अडायचा. गप्प बसणं सोपं होतं. शिंक नसल्याने कुणाचं काय बिघडणार होतं? पण पक्षी सुटणार होते, आणि त्यांच्या गळ्यात काय घातलं आहे हे फक्त तिला ठाऊक होतं. पाचव्या दिवशी सकाळी अण्णा मेथी निवडत बसले होते, ती त्यांच्यासमोर जाऊन बसली.

"अण्णा, तुमची मुद्रणं गेली. माझ्यामुळे."

अण्णांनी काचेवरची अक्षरं वाचली, चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि पुन्हा लावला. "हा चष्मा कधी कधी भलतंच लिहितो," ते म्हणाले. "परत म्हण बरं."

तिने परत म्हटलं. मग डिस्कचं, शिक्क्यांचं, कंटाळ्याचं, सगळं सांगितलं. यामिनीशी खोटं बोलल्याचंही सांगितलं. अण्णा वाचत होते. हातातली मेथीची काडी त्यांनी कधीच खाली ठेवली होती.

"तुम्हीच म्हणाला होता ना, हात लावू नको," शेवटी ती रडकुंडीला येऊन म्हणाली, आणि म्हणताक्षणीच तिला स्वतःची चीड आली.

"म्हणालो होतो," अण्णा म्हणाले. "पण हात लावू नको म्हणजे ऐकू नको, असं नव्हतं गं म्हटलं मी."

त्याच दुपारी तिने यामिनीला खरं सांगितलं. यामिनी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "अण्णांना घेऊन या. दहा दिवसांत निर्णय घ्यायचाय."

केंद्र माळाच्या कडेलाच होतं. यामिनीने अडचण थोडक्यात सांगितली. चंडोल पहिल्या काही महिन्यांत जे शिकतो ते शिकतो; या पाच नरांना आता दुसरं गाणं शिकवता येणार नव्हतं. सोडले तर ते परत धरता येणार नव्हते. गाणं ओळखीचं वाटलं तरच माद्या त्यांच्याजवळ येणार होत्या; नाही आल्या तर पिंजऱ्यात वाढलेले हे पक्षी एकेकटे माळावर संपणार होते. नाही सोडले तर पिंजऱ्यात जगले असते आणि माळावरच्या माद्या म्हाताऱ्या होऊन संपल्या असत्या.

"माळावरचं गाणं इतकी वर्षं ऐकलेला माणूस एकच आहे," यामिनी म्हणाली. "अण्णा म्हणतील ते करू."

तिने गाण्याचा आलेख त्यांच्यापुढे धरला. अण्णांनी तो उलटसुलट करून पाहिला. "हे काय, पावसाचे आकडे? मी कानाचा माणूस, बाई. मला पक्षी दाखव."

जाळीचा पिंजरा दोन माणसं उंच होता. आतला नर गवतातून उठला, पंख फडफडवत सरळ वर गेला आणि गायला लागला. तृप्ती ऐकत राहिली. गाणं फार सुंदर होतं.

अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला. "चष्मा नुसतंच लिहितोय, 'पक्ष्याचा आवाज'," ते पुटपुटले. त्यांनी जाळीला नाक लावलं आणि पक्ष्याच्या गळ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. त्यांचं एक बोट मांडीवर ठेका धरत होतं, थांबत होतं, पुन्हा धरत होतं. मग त्यांनी ओठांचा चंबू करून शीळ घातली. ती फाटकी, बेसूर आली, आणि आपली शीळ कशी आली हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. पक्षी गप्प झाला. मान वाकडी करून त्याने अण्णांकडे पाहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"आठवत नाही," अण्णा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "आठवतंय असं वाटतं आणि सुटून जातं. डोक्यातसुद्धा ऐकू येत नाही आता."

यामिनीने मान खाली घातली. अण्णा एकदम तृप्तीकडे वळले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, पण तू होतीस की! सुट्टीत यायचीस माझ्याबरोबर. जीपमध्ये बसायचीस."

तृप्तीला जीप आठवली. बारा वर्षांची ती मागच्या सीटवर पाय वर घेऊन बसलेली असायची, काचा लावलेल्या, कानांत वॉकमन. घरी कधी जायचं एवढंच ती विचारायची. माळावरची एकही पहाट तिने ऐकली नव्हती.

वर पक्षी गातच होता. अण्णांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला, तिचं उत्तर वाचता यावं म्हणून. यामिनीही आता तिच्याकडेच पाहत होती.

"तुझे कान शाबूत आहेत," अण्णा म्हणाले. "सांग की, बरोबर म्हणतोय का गं तो?"