शेवंती आणि चारशे मालक

"पळ गं बाई, पळ..." सुखदा मोबाइलला म्हणाली आणि दिल्ली मेट्रोचा अर्धा डबा तिच्याकडे बघायला लागला. रविवारचे सव्वाबारा वाजले होते. तिकडे जपानात शर्यत शेवटच्या वळणावर आलेली, आणि तिची घोडी, शेवंती, सगळ्यांत मागे.

"तिचा उजवा पुढचा पाय दुखतोय," डोक्यावरून आवाज आला. चक्क मराठीत.

सुखदानं वर पाहिलं. दांडीला धरून उभा असलेला एक उंच, उन्हानं रापलेला तरुण तिच्या मोबाइलमध्ये बिनदिक्कत डोकावत होता.

"तुम्हाला काय माहीत?"

"घोड्यांचा डॉक्टर आहे. कॅप्टन धैर्यशील, दिल्ली कँट." मग जरा ओशाळून, "सॉरी... पण बघा ना, पाय टाकताना कचरतेय."

शेवंती तेरावी आली. तोवर सुखदाचं स्टेशन मागे पडलं होतं. त्याचंही पडलं होतं, हे त्यानं बऱ्याच दिवसांनी कबूल केलं.

सुखदा पुण्याची, मानेसरच्या एका जपानी कारखान्यात दुभाषी. जपानात दोन वर्षं होती तेव्हा तिथल्या एका रेसिंग क्लबात तिनं या तांबूस घोडीचा हिस्सा घेतला, चारशेंतला एक. चाऱ्याचे पैसे दरमहा बिनचूक कापून जायचे, पण बोलायचं काम नाही. ट्रेनरला फोन करायचा नाही. घोडीला भेटायचं तर सोडत, आणि त्यात तिचा नंबर एकदाच लागलेला. नाव सुचवा म्हणाले, म्हणून तिनं हौसेनं 'शेवंती' सुचवलं, तर त्यांनी भलतंच ठेवलं; तिच्यापुरती ती शेवंतीच राहिली. आणि दर शुक्रवारी तोच ईमेल : 'घोडी ठीक आहे. लक्ष ठेवून आहोत.'

त्या शर्यतीनंतरही तेच आलं.

"पाय दुखतोय एवढं लिहायला यांचे हात मोडतात का?" पुढच्या रविवारी कॉफी पिताना ती भडकली. "मी मालक आहे म्हणे. कसली मालक? टाळ्या वाजवायला ठेवलीये."

"तुम्ही चिडलात ना, की कानाच्या पाळ्या लाल होतात," तो म्हणाला.

"विषय बदलू नका."

"बदलला नाही. लक्ष ठेवून आहे."

ती हसली, आणि हसली म्हणून स्वतःवरच चिडली.

मग रविवार ठरूनच गेले. एकदा त्यानं तिला कँटातले लष्कराचे घोडे दाखवायला नेलं. तळहातावर गुळाचा खडा ठेवून, "बोटं सरळ ठेव... अशी," म्हणत त्यानं खालून तिचा हात धरला. घोड्याचे ऊन, ओलसर ओठ तळव्यावरून फिरले. गूळ केव्हाच संपला, हात मात्र तसेच राहिले. त्या दिवसापासून 'तुम्ही'चं 'तू' झालं.

फक्त एक गोष्ट तिला खुपायची. त्याची बदली जवळ आली होती, आणि तिनं विचारलं की तो म्हणायचा, "बघू."

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी ईमेल आला. 'उजव्या पायाच्या दुखापतीमुळे घोडीला निवृत्त करण्यात आले आहे. यापुढे तिची माहिती कळवली जाणार नाही. आभार.'

परस्पर ठरवून टाकलं होतं. विचारलं नव्हतंच. शेवंती कुठे गेली, बरी आहे का, कशाचाही पत्ता नाही. सुखदा ऑफिसच्या बसमध्येच रडली. रविवारी धैर्यशील भेटला तेव्हा रडू संपून संताप उरला होता.

"सगळं ठरल्यावर कळवतात. वर आभार मानतात," ती म्हणाली. "आणि तू? तुझं कधी कळवणार आहेस? जाताना?"

"पोस्टिंग माझ्या हातात नसते, यार."

"विचारणं असतं ना हातात? पाच महिने 'बघू, बघू' ऐकतेय मी. क्लबात आणि तुझ्यात फरक काय? मला आवडतोस तू. नुसता आवडत नाहीस... प्रेम आहे माझं. पण चारशेंतला एक हिस्सा मी एकदा घेतला, धैर्यशील. पुन्हा नाही घेणार."

ती उठून निघून गेली. आठवडाभर त्याचा ना फोन, ना मेसेज. तिनंही हट्टानं केला नाही.

पुढच्या रविवारी सोसायटीच्या गेटवरून गार्डचा फोन आला, "मॅडम, कोई कॅप्टनसाब हैं."

ती खाली गेली. धैर्यशीलनं बदलीचा फॉर्म पुढे केला. पसंतीची तीन ठिकाणं लिहायची होती. तिन्ही रकाने कोरे.

"उद्या द्यायचाय," तो म्हणाला. "आठवडाभर रोज पेन घेऊन बसायचो. आजवर एकट्यानंच भरलाय हा फॉर्म, कुणाला विचारायची सवयच नाही. बिल्कुल जमेना... तू सांग. मलाही तुझ्याशिवाय कुठे जायचं नाहीये."

सुखदाच्या कानाच्या पाळ्या तापल्या, पण या वेळी रागानं नाही. फॉर्म त्याच्याच पाठीवर ठेवून तिनं पहिल्या रकान्यात मेरठ लिहिलं. तिथून मानेसरला रविवारी तरी येता येईल. दुसऱ्यात पुणे.

"आणि तिसरं?" त्यानं वळायचा प्रयत्न केला.

"हलू नकोस. अक्षर बिघडेल."

"आणि यातलं काहीच नाही मिळालं तर?"

"तर बघू," ती म्हणाली. "दोघं मिळून."