जित्याचा चेहरा

खण्ण...

स्वयंपाकघरात माठावरचं फुलपात्र वाजलं.

घरात होत्या दोघीच. सोनम, आणि तिच्या मांडीशी गोधडीवर झोपलेली चार वर्षांची छकुली.

यातलं मी काहीही रचलेलं नाही. सोनम माझी सख्खी मावसबहीण. तिचं सासर अंथुर्ण्यात, उसाच्या फडाला लागून. भुताची गोष्ट म्हटली की आपण रात्र धरून चालतो. ही भर दुपारची आहे. गेल्या वर्षीची सतरा एप्रिल, वेळ अडीचची. ऊन एवढं, की ट्रॉलीखालची कुत्रीसुद्धा हलत नव्हती.

पण त्या आवाजाच्या आदल्या दिवशी सोनमच्या हातून एक गोष्ट घडली होती. ती आधी सांगायला हवी.

लग्नाआधी सोनम इंदापुरात सावळारामतात्यांच्या फोटो स्टुडिओत कामाला होती. लग्नाचे, बारशाचे फोटो सगळेच काढतात. तात्यांचं नाव होतं ते दुसऱ्याच कामासाठी. घरातलं माणूस गेलं, की दहाव्याच्या आत भिंतीवर लावायला फोटो लागतो आणि नेमका धड फोटो कुणाकडे नसतो. मग लोक मतदान कार्ड घेऊन येतात. लग्नाच्या घोळक्यातलं मुंडकं दाखवतात. कधी कधी तर शेवटचाच फोटो आणतात, डोळे मिटलेला. तात्या त्याला कोट घालायचे, फेटा बांधायचे आणि डोळे उघडून द्यायचे. घरची बाई फोटो बघून रडायला लागली की म्हणायचे, जमलं.

ते डोळे कुठून घ्यायचे, याचा त्यांचा एकच नियम होता.

"मेलेल्याला मेलेल्याचंच लावायचं. जित्याचं काय बी लावायचं न्हाय. डोळा न्हाय, कान न्हाय, केससुदिक न्हाय."

त्यासाठी कॉम्प्युटरमध्ये गेलेल्या माणसांचं वेगळं फोल्डर होतं. सोनमला हसू यायचं. मेल्यावर त्यांना काय कळतंय, असं ती विचारायची. तात्या मात्र हसायचे नाहीत.

पुढं लग्न झालं, छकुली झाली. कागदावर संस्कृती, पण घरात छकुलीच. नवरा संदेश बारामतीला कंपनीत, सकाळी जातो तो अंधार पडल्यावर येतो. छकुली जरा मोठी झाली तसे सोनमचे हात शिवशिवायला लागले. पुण्याच्या ऋषिराज नावाच्या मुलाकडून तिला घरबसल्या काम मिळालं. कुठल्याशा परदेशी संग्रहातल्या जुन्या काचेच्या प्लेटा, पूर्वी फोटो ज्यावर उतरायचे त्या, स्कॅन होऊन यायच्या. त्यावरचे ओरखडे, डाग, बुरशी पुसायची. छकुली झोपली की सोनम लॅपटॉप उघडायची. तिच्या हक्काचे दिवसातले तेवढेच दोन तास.

फोटो सगळे रशियातले, तिकडे राजेशाही होती तेव्हाचे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे. गळ्यापर्यंत बंद झगे घातलेल्या दरबारी बायका. छातीभर बिल्ले लावलेले अधिकारी. हातात क्रूस घेतलेले लांब दाढीचे धर्मगुरू. बर्फातला बाजार. पांढरे एप्रन घालून रांगेत उभ्या राहिलेल्या शाळेतल्या मुली. आणि जिकडेतिकडे चर्च, त्यांचे घुमट कांद्याच्या गड्ड्यासारखे.

सासूबाई, साखरबाई, चहा घेऊन यायच्या आणि मागे उभ्या राहून बघायच्या.

"ह्यांचं देऊळ कांद्याचं हाय व्हय? आन ह्या बाया हसत कशा न्हाईत? सासूनं दम दिऊन बसवल्यात जनू."

दोघी हसायच्या. पण त्या गेल्यावर सोनमला एक गोष्ट आत कुठंतरी खुपायची. एवढी माणसं, आणि यातलं एकही आता नाही. कडेवरची पोरंसुद्धा.

सोळा तारखेला तो फोटो आला.

सणाचा दिवस असावा. बर्फ पडलेला. चर्चच्या पायऱ्यांवर दीड-दोनशे माणसं. सगळ्यांत पुढं केसाळ कॉलरचा कोट घातलेली एक बाई, नजर सरळ कॅमेऱ्यात. तिनं एका लहान मुलीचा हात धरलेला. मुलीची मान वर, त्या बाईकडे. मुलीचा दुसरा हात तिच्या कोटाच्या खिशात.

आणि मुलीच्या चेहऱ्याच्या जागी...

काहीच नाही.

काचेवरचा लेप तिथं पापुद्र्यासारखा सुटून आला होता. उरला होता नुसता पांढरा डाग.

काम संध्याकाळपर्यंत पाठवायचं होतं. सोनमनं आधीच्या फोटोंतली पोरं शोधली. सगळी समोर बघणारी. मान वर करून आईकडे बघणारं एकही नाही. तसा फोटो तिच्या मोबाईलमध्ये होता. माहेरी, सोमेश्वरनगरला काढलेला. छकुलीची मान वर, नजर सोनमकडे, डावीकडून ऊन.

तात्यांचा नियम तिला आठवला. आठवला होता, हे ती स्वतःच सांगते.

"मला वाटलं, कुठली कोण पोर, सव्वाशे वर्षांमागची. तिला काय छकुलीचा पत्ता माहितीय?"

चेहरा बसला. ओढावा लागला नाही, ताणावा लागला नाही. हनुवटीखालची सावलीसुद्धा जिथल्या तिथं. जणू कुणी जागा धरून ठेवली होती.

तिनं फोटो पाठवून दिला.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी...

खण्ण.

सोनम उठली. माठावर पालथं घातलेलं फुलपात्र ओट्यावर सुलटं ठेवलेलं होतं. काठोकाठ पाणी भरलेलं. मांजर असेल म्हणावं, तर मांजर पाणी भरून ठेवत नाही.

तिनं वाकून पाहिलं. पाणी हलत नव्हतं.

बोट लावलं...

वर काचेसारखी पातळ पापडी होती. बर्फाची. बोटाखाली ती मोडली, आणि बघता बघता विरघळून गेली.

एप्रिल महिना. घरात फ्रिज नाही.

ती धावत आत आली. छकुली झोपलेलीच होती. फक्त तिचा उजवा हात गोधडीवरून वर उचललेला होता, कोपरात वाकवून. झोपलेल्या माणसाचा हात असा अधांतरी राहत नाही. सोनमनं तो खाली घेतला. गार होता. विहिरीतून काढलेल्या घागरीसारखा.

मेणबत्ती नुकतीच विझवल्यावर येतो तसा वास खोलीत होता.

"आई, थंडी वाजती," छकुली डोळे न उघडता म्हणाली.

साखरबाईंनी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. पोर उसाच्या कडेनं खेळती, वारं लागलं असंल, म्हणाल्या. दोन दिवसांनी सोनमनं सहज तो फोटो पुन्हा उघडला. सहज म्हणजे, राहवलं नाही म्हणून.

पायऱ्या त्याच. गर्दी तीच.

पण ती बाई आता कॅमेऱ्याकडे बघत नव्हती.

ती खाली बघत होती... छकुलीकडे.

सोनमनं लॅपटॉप मिटला आणि मोबाईल घेतला. कशासाठी, ते तिला सांगता येत नाही. लेकीचा चांगला, हसरा फोटो बघावा, एवढंच असेल. सोमेश्वरनगरचा फोटो काढला. फ्रॉक होता. क्लिप होती. चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग होता.

जावळाचा फोटो. डाग.

वाढदिवसाचा. केक, मेणबत्त्या, आजीची मांडी... डाग.

त्याच आठवड्यात अंगणवाडीच्या बाईंनी हजेरीसाठी छकुलीसमोर मोबाईल धरला. इकडून धरला, तिकडून धरला. मोबाईल चेहरा ओळखेना. बाईंनी मोबाईललाच शिव्या घातल्या, ह्यो डबा कधीचा बदलून द्या म्हणतीय मी, म्हणाल्या. बाकीच्या अकरा पोरांचे चेहरे त्याच डब्यात गुमान आले.

सोनमनं ऋषिराजला फोन केला. तो फोटो चुकलाय, परत द्या, मी त्या मुलीचा चेहरा काढून टाकते. ऋषिराज गोंधळला.

"ताई, कुठला चेहरा? त्या प्लेटवर फक्त कोपऱ्यात बुरशी होती. यादीत तसंच लिहिलंय. मुलीचा चेहरा तर मूळ काचेतच आहे."

त्यानं मूळ स्कॅन पाठवलं.

होता. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या काचेत. सोनमच्या लेकीच्या उजव्या भुवईत पाटावर पडल्याची एक बारीक खूण आहे... ती खूणसुद्धा होती.

तिनं छकुलीला कडेवर घेतलं आणि पहिल्या एसटीनं इंदापूर गाठलं.

तात्या आता थकलेत. स्टुडिओ पुतण्या बघतो. तात्यांनी सगळं ऐकलं. रागावतील, असं सोनमला वाटलं होतं. ते रागावले नाहीत, आणि तिला त्याचीच जास्त भीती वाटली. त्यांनी छकुलीचा हात हातात घेतला, थोडा वेळ धरला, सोडला. मग भिंतीवरच्या एका रिकाम्या चौकटीकडे बोट केलं. आत पांढरा कागद. हार मात्र ताजा.

"ही आमची मंडळी. एका गिऱ्हाइकाला घाई होती. म्हातारीला डोळं बसवायचं होतं. मी हिचं लावलं."

"मग तात्या? काढले का नाहीत परत?"

"दिलेलं परत मागता येतं, पोरी. लावलेलं न्हाय येत."

सोनम रडली. तात्यांच्या पायाशी बसून रडली. काहीतरी सांगा म्हणाली. तात्यांकडे सांगण्यासारखं एवढंच होतं, पोरीचा नवा फोटो काढू नको, आणि दुपारी तिला एकटीला झोपू देऊ नको. यानं काय होईल, हे तिनं विचारलं. तात्या पुतण्याला चहा सांगायला लागले.

परत आल्यावर तिनं एक करून पाहिलं. आई होती, दुसरं काय करणार.

तिनं स्वतःचा फोटो घेतला आणि त्या बाईच्या चेहऱ्यावर लावला. लेकीला तिथं राहायचंच असेल, तर हात तरी आपल्या हातात असू दे.

लावला. सेव्ह केला. उघडला...

तीच बाई. तेच खाली झुकलेले डोळे.

पुन्हा लावला. पुन्हा तीच. सात वेळा लावला. सोनमचे मोबाईलमधले सगळे फोटो शाबूत राहिले. तिचा चेहरा तिथं कुणाला नकोच होता.

सातव्या वेळेनंतर फोटोत एकच गोष्ट बदलली. त्या मुलीचा दुसरा हात खिशात नव्हता. तो बाजूला, फोटोच्या कडेकडे लांबवलेला होता. बोटं अर्धवट मिटलेली. कडेच्या बाहेरून तो कुणीतरी धरला असावा, तशी.

सोनमनं काम सोडलं. लॅपटॉप विकून टाकला. पुजारी झाले, बारामतीचे डॉक्टर झाले. रक्त चांगलं, छाती चांगली, सगळं चांगलं. फक्त छकुली झोपते. आधी दुपारची दोन तास, मग चार. आता उठते ती जेवायला आणि ओढ्याकडची शेळीची करडं बघायला.

गेल्या आठवड्यात मी अंथुर्ण्याला जाऊन आले. दाराच्या चौकटीवर संदेश दर गुढीपाडव्याला लेकीची उंची पेन्सिलनं मांडतो. गेल्या वर्षीची रेघ मी पाहिली. यंदाची रेघ शोधायला लागले, तर साखरबाईंनी मला हळूच बाजूला घेतलं.

"शोधू नगंस, बाई. त्याच रेघंवर हाय ती. बोटभर सुदिक न्हाय वाढली."

दुपारी आम्ही तिघी खोलीत होतो. छकुली गोधडीवर, अंगावर दोन रग. बाहेर लाही फुटेल असं ऊन. सोनमनं तिचा डावा हात दोन्ही हातांत धरला होता. वर्षभर ती रोज दुपारी असाच धरून बसते. हाताला मुंग्या येतात, लघवीला जायचं राहतं, तरी सोडत नाही. छकुलीचा उजवा हात रगातून वर आलेला होता. अधांतरी, कोपरात वाकवून. तो कुणीच धरला नव्हता.

आम्ही हळू आवाजात माहेरच्या गप्पा मारत होतो. मला मेणाचा वास आला. मी सोनमकडे पाहिलं. तिनं नुसती मान हलवली.

खण्ण...

मी उठून बघायला गेले नाही. खोटं कशाला सांगू.

छकुलीनं डोळे उघडले. आधी उजवीकडे, वर, रिकाम्या हवेत पाहिलं. कुणीतरी वाकून कानात काही सांगावं आणि आपण ते नीट ऐकून घ्यावं, तसं. मग आईकडे वळली.

"आई, ती बाई इचारती, तू माझा हात कवा सोडणार?"